चारशे आवाज

मावशीच्या कानाबद्दल कारखान्यात इतक्या कथा होत्या की त्यातल्या निम्म्या जरी खऱ्या असत्या, तरी त्या कानाला वेगळं हजेरीकार्ड द्यावं लागलं असतं.

कारखाना गिअरबॉक्सचा. लिफ्ट वर-खाली ओढणाऱ्या मोटारीला जोडतात ते, शिवणयंत्राएवढे, करड्या रंगाचे लोखंडी ठोकळे. आत तेलात बुडालेली दातेरी चाकं. ठोकळा बनून आला की टेस्ट बेंचवर चढायचा, बेंचवाला मोटार चालू करायचा आणि मावशी पुढे सरकायची. निळ्या कोटाच्या खिशातून वीतभर लांबीची लाकडी काठी काढायची. काठीचं एक टोक ठोकळ्यावर, दुसरं दातांत. डोळे मिटून वीस मोजायची. मग काठी बाहेर काढून ठोकळ्याचा आजार तोंडाने करून दाखवायची.

"घुर्र-टिक. घुर्र-टिक. घुर्र-टिक. मोठ्या चाकाचा एक दात गेलाय."

किंवा, "सिंय्यंऽऽऽ! बेअरिंग कोरडं आहे. तेल घातलं होतं की नुसतं लांबून दाखवलं होतं?"

किंवा मग चेहरा मऊ व्हायचा. "हं-हं-हं-हं. पोटभर दूध प्यायलंय. ओके." आणि ठोकळ्याच्या पाठीवर खडूने बरोबरची खूण.

फिटर ठोकळा उघडायचे तेव्हा मावशीने जे तोंडाने केलेलं असायचं तेच आत सापडायचं. पाहुणे आले की शेठ त्यांना कार्यालय दाखवायच्या आधी मावशी दाखवायचे. "ही आमची मावशी, बरं का. सव्वीस वर्षं, बरं का. हिने पास केलेला एकही माल परत आलेला नाही, बरं का." शेठचं 'बरं का' म्हणजे रबरी शिक्का होता. बोलण्याच्या शेवटी ठप्प करून बसायचा. शिक्का न मारता त्यांनी बोलणं संपवलेलं अजून कुणी ऐकलेलं नव्हतं.

बेंचवाल्याला सगळे 'तोफ' म्हणायचे. हळू बोलणं हा प्रकारच त्याच्याकडे नव्हता. एकदा त्याने मावशीच्या जवळ वाकून "कुणाला सांगू नका हं" अशी सुरुवात केली आणि गेटवरचा पहारेकरी तिथूनच ओरडला, "नाही सांगत!"

आता खरी गोष्ट अशी, की मावशीला ऐकू येत नव्हतं.

तीन वर्षं झाली होती. आधी तिला वाटलं जगच पुटपुटायला लागलंय. कुकरच्या शिट्ट्या कमी झाल्या, दारावरची बेल बिघडली, टीव्हीवरची माणसं तोंडात सुपारी धरून बोलायला लागली. मग एक दिवस तोफने बेंच चालू केला. पट्टा फिरताना दिसत होता, ठोकळा थरथरताना दिसत होता, आणि मावशीच्या डोक्यात चित्र चालू, आवाज बंद. तिने बेंचची कड धरली. काठी तिच्याजवळ पूर्वीपासून होती. तिला काम शिकवणाऱ्या म्हाताऱ्या मिस्त्रीने दिलेली. एखाद्या ठोकळ्याचा संशय आला तरच ती कानामागच्या हाडाला टेकवायची. त्या दिवशी घाबरून तिने ती दातांतच घट्ट धरली. आणि काय! लाकडातून, दातांतून, जबड्याच्या हाडातून सगळा ठोकळा तिच्या डोक्यात येऊन बसला. घुर्र, टिक, सिंय्यं, सगळं होतं तिथेच. बाहेरून आत येणारा रस्ता तेवढा बंद झाला होता.

त्या दिवसापासून प्रत्येक ठोकळ्याला काठी. लोकांना वाटलं, वय झालं की माणसाला एकेक नाद लागतो. आणि खरं सांगायचं तर कारखान्यासारखी सोयीची जागा नाही. तिथे हातोडे, पट्टे, कॉम्प्रेसर यांच्या गोंधळात सगळेच ओरडतात, हातवारे करतात, एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. बहिरं माणूस तिथे उठून दिसत नाही. मावशी पाठ भिंतीला लावून उभी राहायची, ओठ वाचायची आणि अडलंच तर तोफ होताच.

घरी मात्र कठीण. नवरा बस चालवायचा, पाठीने दगा दिल्यावर घरी बसलेला. घर मावशीच्या पगारावर चाललेलं. स्वभावाने देवमाणूस, पण मिशी अशी की वरचा ओठ लग्नातसुद्धा कुणाला दिसला नव्हता. त्या मिशीतून काय वाचणार?

"अगं, भाजीत मीठ आहे का बघ."

"उद्या. उद्या आणीन."

"काय उद्या? मीठ!"

"हो हो, कळलं, फोन करते."

तो बिचारा दोन्ही हात वर करून टीव्हीसमोर जाऊन बसायचा. त्याला वाटायचं, बायको हल्ली आपल्याला मोजत नाही. मावशीला ते कळायचं. पण एकाला सांगितलं की दुसऱ्याला कळतं, आणि दुसऱ्याकडून शेठला. शेठला कळलं की काय होतं हे तिने पाहिलेलं होतं. रंगतपासणीवाल्या काकांची नजर मंद झाली तेव्हा शेठने त्यांना शाल दिली नाही, घड्याळ दिलं. भिंतीवरचं. "आता डोळ्यांना आराम द्या, बरं का." काका तेव्हापासून घरी त्या घड्याळाखाली बसलेले असतात आणि किती वाजले ते येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारतात.

तेव्हा मावशीने तोंड मिटलं, काठी दातांत धरली आणि तीन वर्षं काढली.

मग एका सोमवारी शेठने सगळ्यांना बेंचपाशी गोळा केलं.

"मोठं गिऱ्हाईक आलंय, बरं का. लिफ्ट कंपनी. त्यांना खडूच्या खुणा चालत नाहीत. प्रत्येक ठोकळ्याची जन्मकुंडली पाहिजे, कॉम्प्युटरमध्ये. कधी बनला, कुणी बनवला, कसा वाजला. जो कारखाना देईल तो राहील, बाकीचे घरी जातील, बरं का."

त्यांच्या शेजारी एक तरुण इंजिनिअरबाई उभी होती. पाठीवर पिशवी, पिशवीत लॅपटॉप, गळ्यात हेडफोन. ती बोलायला लागली आणि पाच मिनिटांत तिचं बारसं झालं.

"बेसिकली, बेंचवर आपण सेन्सर लावलेत. बेसिकली, ते ऐकतात. पण त्यांना बेसिकली चांगलं-वाईट कळत नाही. ते कुणीतरी शिकवावं लागतं."

"बेसिकलीबाई," तोफ कुजबुजला. बाईंसकट सगळ्यांनी मागे वळून पाहिलं.

बेसिकलीबाई हसल्या. मावशीकडे वळून म्हणाल्या, "मावशी, मशीनला तुमचा कान द्यायचाय."

मावशीने ते ओठांवर स्वच्छ वाचलं.

झालं होतं असं. सेन्सर दोन महिने आधीच गाजावाजा न करता बसवले होते आणि चारशे ठोकळ्यांचे आवाज टिपून ठेवले होते. मावशीच्या खडूच्या खुणाही होत्या. दोन्ही जोडले की झालं, मावशीला कुणी विचारायलाही आलं नसतं. पण प्रत्येक आवाजाला ठोकळ्याचा नंबर टाकायचं काम तोफकडे होतं. आणि तोफने पहिल्या दिवसापासून सगळीकडे एकच नंबर टाकला होता. स्वतःच्या फोनचा.

"कॉम्प्युटरने नंबर विचारला, मी दिला!" तोफ म्हणाला. "मला वाटलं काही झालं तर मला फोन करेल!"

म्हणजे आता चारशे अनाथ आवाज होते, कुठल्या ठोकळ्याचे ते माहीत नसलेले. आणि गिऱ्हाईक पंधरा दिवसांत बघायला येणार होतं.

"मी नवे ठोकळे ऐकते की बेंचवर," मावशी म्हणाली. "एकेक करून. काठीने."

"नवे चारशे व्हायला बेसिकली दोन महिने लागतील. तुम्ही काचेच्या खोलीत बसा, हेडफोन लावा, आवाज ऐका. चांगला असेल तर हिरवं बटण, वाईट असेल तर लाल. बस."

काचेची खोली कार्यालयाशेजारी होती. तिचं दार लागलं की कारखाना मागे राहायचा. तिथे लोक हळू बोलायचे, मान खाली घालून बोलायचे, कपाच्या आडून बोलायचे. मावशी सव्वीस वर्षांत तिथे तीनदा गेली असेल. ती खुर्चीत बसली. बेसिकलीबाईंनी स्वतःच्या हातांनी तिच्या कानांवर हेडफोन चढवले आणि कळ दाबली.

शांतता. खोल विहिरीत पाणीही नसावं तशी.

पडद्यावर एक निळी रेघ नाचत पुढे सरकत होती, म्हणजे आवाज चालू होता. मावशीने सवयीने डोळे मिटले, मग घाबरून उघडले. काठी खिशात होती. पण टेकवणार कशाला? ठोकळा इथे नव्हता. ठोकळ्याची फक्त हवा होती आणि हवेचा रस्ता तर बंद. तिने हेडफोनला दात लावावेत की काय असाही एक विचार येऊन गेला. काचेपलीकडून शेठ कौतुकाने बघत होते.

सांगायची वेळ होती ती. तोंड उघडलंही तिने. पण काचेतून शेठच्या मागच्या भिंतीवरचं घड्याळ दिसलं आणि उघडलेल्या तोंडातून निघालं, "जरा आवाज मोठा करता का?"

"फुल आहे, मावशी," बेसिकलीबाई म्हणाल्या.

"हां. हां. आता आला."

आणि तिने रेघेकडे बघितलं. गुळगुळीत होती. हिरवं बटण दाबलं. पुढची रेघ केसाळ होती, कुत्र्याच्या पाठीसारखी उभी राहिलेली. लाल. त्याच्या पुढची अधूनमधून केसाळ. मावशीने बाईंच्या चेहऱ्याकडे बघितलं, त्या फोनमध्ये बघत होत्या. हिरवं.

असे चार दिवस. घाम पुसत, पाणी पीत, मान डोलावत, मधूनच "हं, बेअरिंग" असं म्हणत तिने चारशे रेघा निवडल्या. तांदूळ निवडावेत तशा. मशीनला कान द्यायचा होता, तिने मशीनला आपले डोळे दिले. तेही चष्म्यासकट.

शेवटच्या दिवशी बाई म्हणाल्या, "मावशी, मी मुद्दाम वीस आवाज दोनदा घातले होते. उत्तरं जुळतायत, फक्त काही ठिकाणी फरक आहे. बेसिकली थकवा. नॉर्मल आहे."

"हो, थकवा," मावशी म्हणाली. तिच्या पाठीवरून घामाचा एक थेंब सावकाश खाली उतरला, आणि तो मात्र तिला जणू ऐकू आला.

पुढच्या आठवड्यात बेंचच्या डोक्यावर भला मोठा स्क्रीन लागला. ठोकळा चढला, मोटार फिरली, स्क्रीन हिरवा. गिऱ्हाइकाचे दोन साहेब आले, हिरवा बघून खूश झाले, फोटो काढून गेले. शेठने मावशीच्या पाठीवर थाप मारली. "मशीन म्हणजे आता तुमची पोरगीच, बरं का. तुमच्याच कानाची. तुम्ही आता फक्त लक्ष ठेवा, बरं का."

लक्ष ठेवा. काठी वापरायची गरज नव्हती. मावशीने दोन दिवस कोटाच्या खिशात ती नुसती चाचपली. तिसऱ्या दिवशी तोफ चहाला गेला तशी ती हिरव्या झालेल्या, बेंचवर अजून फिरत असलेल्या एका ठोकळ्यापाशी गेली. काठी टेकवली, दातांत धरली.

घुर्र-टिक. घुर्र-टिक. घुर्र-टिक.

तिने वर पाहिलं. स्क्रीन हिरवागार. पुन्हा काठी. घुर्र-टिक.

तेव्हा तिला कळलं आपण काय केलंय ते. कोरड्या बेअरिंगची रेघ केसाळ दिसते, ती तिने लाल केली होती. ते बरोबरच होतं. पण दात गेलेल्या चाकाचा टिक हा एवढासा, तीळभर. रेघेत तो दिसतच नाही. रेघ गुळगुळीत दिसते. म्हणजे चारशेतल्या दात गेलेल्या प्रत्येक ठोकळ्याला मावशीने हिरवं बटण दाबलं होतं, आणि पोरगी अगदी आईच्या शिकवणीप्रमाणे वागत होती.

"तोफ, हा परत लाव," तोफ आल्यावर ती म्हणाली.

"का?"

"मला टिक वाटतोय."

तोफने स्क्रीनकडे बोट दाखवलं. "मावशी! हिरवा आहे! तुम्हीच शिकवलंय त्याला! तुमचं तुम्हालाच पटत नाही का?"

हे त्याने शेजारच्या इमारतीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं. शेठ बाहेर आले. मावशी त्यांच्यापुढे उभी राहिली. मशीन चुकतंय म्हणावं तर शिकवलं कुणी? कान चुकला म्हणावं तर कान कुठाय?

"मला वाटतं," ती म्हणाली, "मला जरा तपासून घ्यायला हवं."

"काय तपासून, बरं का?"

"मलाच," मावशी म्हणाली. "सर्दी आहे. अर्धा दिवस सुटी द्या."

ठोकळा पुढे गेला. गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी भरायची होती.

कानाच्या डॉक्टरचा दवाखाना एका उंच इमारतीत चौथ्या मजल्यावर होता. तीन वर्षं त्या पाटीसमोरून ती बसने जात होती आणि मान दुसरीकडे वळवत होती. आज आत शिरली. लिफ्टमध्ये आणखी तिघं होती. चाकांच्या खुर्चीतले एक आजोबा, त्यांची खुर्ची ढकलणारी त्यांची सून, आणि सुनेच्या कडेवरचं बाळ. दार लागलं. लिफ्ट हलली.

मावशीचा हात आपोआप पर्समध्ये गेला. काठी निघाली. एक टोक लिफ्टच्या पत्र्याच्या भिंतीवर, दुसरं दातांत.

सुनेने बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं.

हं-हं-हं-हं. मावशी डोळे मिटून ऐकत होती. हं-हं-हं. आणि मग टिक. पुन्हा हं-हं-हं, टिक. दुसऱ्या मजल्याजवळ पुन्हा टिक. ते दाराचं असेल, मजल्यावरच्या खिट्टीचं असेल, शंभर गोष्टी असतात लिफ्टमध्ये टिक करणाऱ्या. मावशीला त्या सगळ्या माहीत होत्या आणि त्यातल्या एकीवरही तिचा विश्वास बसेना.

तिने डोळे उघडले. आजोबा तिच्याकडे बघत होते. त्यांचे ओठ सावकाश हलत होते, म्हाताऱ्या माणसांचे हलतात तसे, वाचायला सोपे.

"काय हो, पडणार आहे का?"

"नाही, नाही," मावशीने काठी तोंडातून काढली. "काही नाही. सवय आहे."

"मग तुम्ही एवढ्या घाबरलात का?"

उत्तर द्यायच्या आधी तिने हाताला लागेल ते बटण दाबलं. दार तिसऱ्या मजल्यावर उघडलं, आणि ती बाहेर पडली. आपण पडलो बाहेर, जिना उतरू, पायी घरी जाऊ. दार लागायच्या आत तिने मागे पाहिलं. खुर्चीतले आजोबा तिथेच होते. त्यांना कुठला जिना? सूनही तिथेच, बाळही. ती तिघं तिच्याकडे बघत राहिली आणि दोन पत्रे त्यांच्यासमोर सरकत एकमेकांना भेटले. मावशी त्या बंद दाराला काठी लावून, दात लावून उभी राहिली. हं-हं-हं-हं. वर कुठेतरी थांबलं. ठीक होतं. या वेळी ठीक होतं.

चौथ्या मजल्यावर ती गेलीच नाही. जिन्याने एकेक पायरी मोजत खाली उतरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालाची गाडी वेळेआधीच लागली होती. छत्तीस ठोकळे पेट्यांत बंद होऊन रांगेत उभे होते, प्रत्येकावर चौकोनी चिकटपट्टी, जन्मकुंडलीची. मावशी त्यांच्यासमोरून चालत काचेच्या खोलीकडे गेली. मनात वाक्यं जुळवलेली, पावलागणिक एकेक गळून पडत होतं. बेसिकलीबाई लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसल्या होत्या.

"बाई, माझ्याकडे बघून बोला," मावशी म्हणाली.

"मी कुठे काय बोलले?"

"बोललात तर. माझ्याकडे बघून. मला ऐकू येत नाही."

बाईंनी वर पाहिलं. "म्हणजे आत्ता? गोंगाटामुळे?"

"तीन वर्षं."

बाई हसल्या, मग हसायच्या थांबल्या. मावशीने त्यांच्याकडे पाठ केली आणि काचेच्या भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "आता मला काहीही म्हणा. शिव्या द्या. जोरात द्या." मग काचेत तिला कारखान्यातली माणसं दिसली, एकेक जण हातातलं काम टाकून खोलीकडे वळून बघत होता. म्हणजे बाईंनी ओरडून पाहिलं होतं. मावशी वळली. बाईंचा चेहरा पांढरा पडला होता.

"मग ते चारशे?" त्यांनी विचारलं. त्यात 'बेसिकली' नव्हतं.

"रेघ बघून," मावशी म्हणाली. "गुळगुळीत ती चांगली. पण टिक रेघेत दिसत नाही, बाई. तुमचं मशीन टिक पास करतंय. गाडीत जातायत ते."

"लिफ्टला ब्रेक वेगळा असतो," बाई म्हणाल्या, पण मावशीला सांगत असल्यासारख्या नव्हे, स्वतःलाच. मग उठल्याच.

बाईंकडून सगळं ऐकून शेठ आले तेव्हा पहिली पेटी उघडलेली होती आणि ठोकळा बेंचवर फिरत होता. स्क्रीन हिरवा. मावशीने काठी लावली. दातांत घट्ट धरली तिने.

"हं-हं-हं. ओके."

दुसरा ओके. तिसरा ओके. शेठचं कपाळ मोकळं व्हायला लागलं. मावशीला वाटलं, नसेलच काही, मीच वेडी, उगाच तोंड उघडलं. आणि तेवढ्यात तिला वाटलं, देवा, नसू दे. आणि मग, नसेल तर सव्वीस वर्षं गेली. आणि असेल तरीही गेली.

सहावा ठोकळा.

"घुर्र-टिक," मावशी म्हणाली. "घुर्र-टिक. उघडा."

वर स्क्रीन हिरवा, खाली फिटरने तेल काढलं, झाकण काढलं, चाक फडक्याने पुसून वर धरलं. एक दात टोकाला तुटलेला, नखाएवढा. तो तुकडा तेलाच्या तळाशी सापडला. फिटरने तो शेठच्या तळहातावर ठेवला.

दुपार होईपर्यंत मावशीने छत्तीसही ऐकले. पाच निघाले. गाडीवाला तीनदा हॉर्न वाजवून गेला म्हणे, ते तिला तोफच्या चेहऱ्यावरून कळलं.

शेठ बराच वेळ तळहातावरचा तुकडा बोटाने फिरवत राहिले. मग मावशीच्या समोर येऊन उभे राहिले. नीट समोर.

"किती दिवस?"

"तीन वर्षं."

"तीन वर्षांत काही परत आलं नाही!" हे तोफने सांगितलं. सगळ्या कारखान्याला.

शेठने त्याच्याकडे बघितलंही नाही. "ते चारशे पुन्हा करायचे," ते म्हणाले. "मग बघू."

मावशी त्यांच्या ओठांकडे बघत राहिली. अजून काहीतरी यायचं होतं तिथे, दोन शब्द, शिक्का. ओठ मिटलेच. ते निघून गेले. शेठचं शिक्का नसलेलं पहिलं बोलणं आपल्या वाट्याला आलं, हे तिच्या लक्षात आलं.

संध्याकाळी तिने नवऱ्याला सांगितलं. एका दमात, त्याच्याकडे न बघता. मग बघितलं. मिशी हलत होती.

"काही कळत नाही मला तुमचं," ती रडायच्या बेतात म्हणाली. "मिशीमुळे. कधीच कळत नाही."

तो उठून आत गेला. बराच वेळ आला नाही. आला तेव्हा त्याच्या वरच्या ओठावर कात्रीने केलेली ओबडधोबड पायवाट होती, एका बाजूला जास्त, एका बाजूला कमी. तो इतका विचित्र दिसत होता की मावशीला रडता रडता हसू फुटलं.

"मीठ," तो ओठ ताणून, एकेक अक्षर सुटं करून म्हणाला, "कमी आहे भाजीत. दोन वर्षं झाली."

काचेच्या खोलीत आता हेडफोन नव्हते. बेसिकलीबाईंनी एका स्पीकरच्या पोटातला, बाटलीच्या झाकणाएवढा थरथरणारा भाग काढून तो लाकडाच्या ठोकळ्याला चिकटवला होता. आवाज चालू झाला की लाकूड थरथरायचं. मावशी त्यावर काठी टेकवायची. रेघेचा पडदा तिनेच उलटा करून ठेवायला लावला.

पहिला आवाज आला तेव्हा ती दचकली. दोन महिन्यांपूर्वीचा ठोकळा, कुठल्याशा लिफ्टवर जाऊन बसलेला, आज तिच्या दातांत येऊन बोलत होता. "हं-हं-हं. ओके." दुसरा. तिसरा. बाई समोर बसून तिचा प्रत्येक आवाज वहीत अक्षरांत उतरवत होत्या. 'घुर्र-टिक' लिहिताना त्या स्वतः ओठांनी करून बघायच्या, चुकायच्या, पुन्हा करायच्या.

"मावशी, सावकाश करा," त्या तोंड नीट हलवून म्हणाल्या. "घाई नाही."

घाई नाही म्हणजे काय, ते मावशीला कळत होतं. मशीन या वेळी खरं शिकणार होतं. टिक, सिंय्यं, कोरडं, ओलं, सगळं. जेवढं बरोबर सांगू तेवढं ते पक्कं होईल. चारशे संपले की मग? तिने विचारलं नाही. उत्तर ओठांवर वाचावं लागलं असतं.

एकशे बारावा आवाज. घुर्र. घुर्र. आणि फार खाली, कुणालाही सुटावा असा, टिक. सव्वीस वर्षांत इतका बारीक टिक तिने मोजून चार वेळा ऐकला असेल. बाई वाट बघत होत्या. बोट बटणांवर होतं. हिरवं दाबलं असतं तर जगात कुणालाही कळलं नसतं. मशीनला हा टिक कधीच आला नसता, आणि अशा टिकसाठी शेठला कुणीतरी लागलंच असतं, लाकडाची काठी दातांत धरणारं.

मावशीने आवाज पुन्हा लावायला सांगितला. पुन्हा ऐकला. डोळ्यांसमोर लिफ्टची दोन दारं सरकत एकमेकांजवळ येत होती, आणि मधल्या फटीतून खुर्चीतले ते आजोबा बघत होते. त्यांना कुठला जिना?

तिने लाल दाबलं.

"घुर्र, घुर्र, टिक," ती म्हणाली. "तिसऱ्याला एकदा. लिहा नीट, हा अवघड आहे." काठीचं टोक कोटाला पुसलं आणि बोटाने खूण केली.

"पुढचा."